परदेशांतील कारखाने आणि आपलें शिकणें

परदेशांतील एखादा नामांकित कारखाना आपल्याकडील कंपनीनें विकत घेतल्याची बातमी आली, म्हणजे पुष्कळांस रणांत जय मिळाल्यासारखें वाटतें. परंतु इमारती, यंत्रें व नांव हीं पैसे मोजून हातीं येतात. कारागिरांच्या अंगीं मुरलेलें ज्ञान खरेदीखतानें ताब्यांत येत नाहीं. तें शिकावेंच लागतें. टाटांच्या चार व्यवहारांवरून हें स्पष्ट होईल.

इ. स. २००० मध्यें टाटा टी कंपनीनें इंग्लंडांतील टेटली ही चहाची कंपनी २७ कोटि १० लक्ष पौंडांस घेतली. चहा पिकविण्याची विद्या टाटांजवळ होती. त्याचें मिश्रण साधून तो परदेशच्या घरोघरीं खपविण्याची विद्या टेटलीजवळ. ब्रिटनमध्यें १९५३ सालीं चहाच्या कागदी पुड्या रूढ करणारी कंपनी ती हीच.

पुढें २००४ सालीं टाटा मोटर्सनें दक्षिण कोरियांतील गुनसान येथील देवू कंपनीचा मालमोटारींचा कारखाना सुमारें १० कोटि २० लक्ष डॉलरांस घेतला. अधिक अवजड मालमोटारी बांधण्याचें कौशल्य त्यांस हवें होतें. त्यांनीं तेथें हुकमत गाजविली नाहीं. देवू हें नांव राखलें, कारभार कोरियन अधिकाऱ्याच्याच हातीं ठेवला. दोन्ही देशांच्या अभियंत्यांच्या सहकार्यांतून 'प्रायमा' मालमोटारी निघाल्या.

२००८ सालीं फोर्डकडून जग्वार व लँड रोव्हर २३० कोटि डॉलरांस घेतांनाहि हाच रिवाज पाळला गेला. नांवें तींच राहिलीं, आंखणीचें कामहि इंग्लंडांतच राहिलें. लगेच जगावर मंदी कोसळली, तरी धीर सोडला नाहीं. पुढें २०१९ सालीं पुण्यांत तयार होऊन बाजारांत आलेल्या 'हॅरियर' मोटारीचा सांगाडा लँड रोव्हरच्या आराखड्यावरून सिद्ध झाला होता. शिकलेली विद्या अशी घरीं परतली.

पण दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. २००७ सालीं ब्राझीलच्या एका कंपनीशीं चढाओढ करून टाटा स्टीलनें ब्रिटिश-डच कोरस कंपनी सुमारें ६२० कोटि पौंडांस घेतली. तेथें ज्ञानाचा तुटवडा नव्हता. परंतु चढाओढींत भाव चढला, वर्षभरांतच मंदी आली, पोलादाची मागणी घटली. आणि वेल्समधील पोर्ट टॅल्बॉटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजीं थंडावली. हजारों कुटुंबांची भाकरी तिच्यावर अवलंबून होती.

तात्पर्य, ज्ञान हें मोठें धन खरें. पण भाव आणि काळ यांचा हिशेब तें चुकवूं शकत नाहीं. परक्या कारखान्याचे मालक होणें एका सहीनें साधतें. तेथें विद्यार्थी होऊन राहण्यास वर्षें लागतात, आणि लाभ होतो तो त्या वर्षांतूनच.