भोर-वेल्हे : गड आणि पाणी

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने निघालेला प्रवासी कात्रजचा घाट ओलांडून खाली उतरला, की त्याला उजव्या हाताला डोंगरांची रांग दिसू लागते. चेलाडीचा फाटा वेल्ह्याकडे जातो, कापूरहोळचा भोरकडे. या मुलखाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण बरेचसे कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि थोडेसे सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे कोणतीही मोठी वास्तू दिसली, की तिचे दगड कोणी वाहिले हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो.

हा मुलूख म्हणजे बारा मावळांपैकी काही खोऱ्यांचा. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांनी सह्याद्रीला जागोजाग चिरून ती तयार केली आहेत. डोंगरउतारावर नाचणी-वरई, खाचरांत भात, आणि पश्चिमेला वरंध्याच्या नि मढ्याच्या घाटाने सरळ कोकणात उतरणाऱ्या वाटा. जमीन थोडी, पाऊस उदंड. अशा भूमीत माणूस काटक होतो. पण श्रीमंत होत नाही.

याच काटकपणावर स्वराज्याचा पाया घातला गेला. रायरेश्वराच्या पठारावर शपथ झाली असे परंपरा सांगते. तोरणा हाती आला, मग मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला! सुमारे पंचवीस वर्षे येथूनच राज्य चालले. सईबाईसाहेब १६५९ साली याच गडावर निवर्तल्या. त्यांची समाधी पायथ्याला पाल येथे आहे. १६६६ साली आग्र्याहून सुटून महाराज आले तेही येथेच. कारीचे कान्होजी जेधे रोहिडखोऱ्याचे, तर पावनखिंडीत १६६० साली बाजीप्रभूंसह झुंजलेले बांदलांचे लोक हिरडस मावळातले. बाजीप्रभूंचे नाव आपण जाणतो. पण त्यांच्याबरोबर पडलेल्या मावळ्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? ते बहुतेक नांगर सोडून आलेले कुणबीच असणार.

पुढे भोर हे पंतसचिवांचे संस्थान झाले आणि १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधी या भूमीवर आणखी एक मोठी घटना घडली होती. १९२८ साली वेळवंडीवरचे भाटघर धरण पुरे झाले. त्यात साडेतेवीस टीएमसी पाणी साठते. हे पाणी नीरेच्या दोन कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. तिकडे ऊस पिकला, साखर कारखाने उभे राहिले. ती भरभराट खोटी नव्हे, आणि तिचा आम्हांला हेवाही नाही. परंतु तळाशी ज्यांची खाचरे गेली ती माणसे वर सरकली. उन्हाळ्यात पाणी उतरले, की कांबरे गावचे शंकराचे जुने देऊळ उघडे पडते आणि हौशी लोक पाहावयास जातात. धरणाच्या हिशेबातली ती बाकी रक्कमच होय, असे आम्हांला वाटते.

हे दुःख एकट्या मावळाचे नाही. इंग्लंडात सरोवरांचा जो निसर्गरम्य प्रदेश आहे, तेथे मँचेस्टर शहराची तहान भागविण्यासाठी थर्लमियरचे तळे बांध घालून वाढविले आणि १८९४ साली त्याचे पाणी शहरास पोचले. पुढे त्याच शहरासाठी मार्डेल हे गाव बुडाले. दुष्काळात त्याच्याही भिंती वर येतात आणि तेथेही बघ्यांची गर्दी होते. आमच्या शेजारी मुळशीत मात्र १९२१ साली शेतकरी सेनापती बापटांसह धरणाविरुद्ध उभे राहिले. ते हरले; पण प्रश्न विचारून गेले. वेल्ह्यातले पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा पुणे शहर बुडाले. पुणेकर तो दिवस विसरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मात्र धरण बांधतानाच ज्यांची घरे बुडाली, त्यांची आठवण त्या निमित्ताने कितीजण काढतात?

आता वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव मिळाले आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राजगडही आहे. आनंदाची गोष्ट! आपण श्रोत्यांनी अवश्य जावे. नसरापूरजवळचे बनेश्वर पाहावे, भोरचा राजवाडा पाहावा, तोरण्यावर चढून दम काढावा. पण गडावर ताक, सरबत विकणारी बाई दिसली, की क्षणभर थांबावे. ती हे सारे ओझे पहाटे डोक्यावर घेऊन वर आलेली असते. तिच्याशी भावात घासाघीस करू नये. तिच्या गावात उन्हाळ्यात नळाला पाणी येते का, एवढे विचारावे.

गड पाहावयास लाखो येतील. त्यांच्या येण्याने गडाखालच्या पोराला मुंबईची वाट न धरता गावातच दोन पैसे मिळाले, तर त्या मानाचा उपयोग झाला असे आम्ही म्हणू. एरवी पूर्वी पाणी गेले तसे आता नाव जाईल, आणि मावळा होता तेथेच राहील.