सह्याद्रीच्या झाडबेडकांचें कुल

पावसाळ्यांत सह्याद्रीच्या झुडपांतून बोटाच्या पेराएवढे बेडूक रात्रभर साद घालीत असतात. त्यांचें कुल निश्चित होण्यास मात्र फार काळ लागला.

१८४१ मध्यें द्युमेरिल व बिब्रों या फ्रेंच पंडितांनीं जावांतील एका बेडकावरून ‘इक्झालस’ ही प्रजाति स्थापिली. तें नांव एका सस्तन प्राण्यास १८३७ मध्येंच मिळालेलें होतें. १८४८ मध्यें गिस्टेल यानें ‘फिलॉटस’ हें नांव योजिलें. पुढें लहान देह, बोटांच्या टोकांच्या चकत्या आणि अंड्यांतून भैरा न निघतां एकदम बेडूकच बाहेर येणें, या साम्यामुळें सह्याद्रीचे बेडूकही त्याच नांवाखालीं आले. १९१९ मध्यें ॲनंडेल यांनीं कॅसलरॉकच्या बेडकास ‘बॉम्बेएन्सिस’ म्हटलें. तो प्रदेश तेव्हां मुंबई इलाख्यांत होता.

आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेनें हें साम्य फसवें ठरलें. २०१० मध्यें बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बंगलोरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ ‘राओर्केस्टीस’ ही निराळी प्रजाति मांडली. ‘बॉम्बेएन्सिस’ तींत गेला. पण २००९ मध्यें आंबोलीचें नांव मिळालेल्या बेडकाचे जवळचे आप्त श्रीलंकेंत निघाले! २०१३ मध्यें सातारा भागांतील एका नव्या जातीस पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ घाटे यांचें नांव लाभलें.

हा केवळ नांवांचा खेळ नव्हे. यांतील कित्येक जाति डोंगराच्या लहानशा पट्ट्यांतच राहतात. ज्या जातीस वेगळें नांव नाहीं, तिचें रान तुटलें तरी तिच्या नाशाची नोंद होत नाहीं.