मुंबई पाहावी, पण जेवावे कुठे?

मुंबईत येऊन काय काय पाहायचे, याची यादी १८८० सालापर्यंत जवळजवळ तयार झाली होती. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. तिच्या आवारातले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडले. घारापुरीला जिच्यावरून एलिफंटा हे नाव पडले, ती दगडी हत्तीची मूर्ती आज याच बागेच्या आवारात उभी आहे. क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली बांधून झाले, राजाबाई टॉवर १८७८ साली. १८७४पासून घोड्यांची ट्राम धावू लागली. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ तर १८६३ सालीच छापून आले होते, आणि त्याच वर्षी बोरघाटातला लोहमार्ग पुरा होऊन पुण्याची गाडी थेट मुंबईला जाऊ लागली. थोडक्यात स्थळे होती, वाहन होते, माहितीचे पुस्तकही होते. तरीही नवरा-बायको, मुले आणि एखादी आजी अशा घरच्या घोळक्याने दोन दिवस मुंबई पाहून यावे, हा मराठी मध्यमवर्गाचा रिवाज रुळायला पुढची पन्नासेक वर्षे गेली. या विलंबाचे कारण सहसा पैशात किंवा प्रवासाच्या हालांत शोधले जाते. माझ्या मते ते ताटात होते. बाहेर बसून काय खाता येते, कोणाच्या हातचे खाता येते आणि बायकांना कुठे बसून खाता येते, या तीन प्रश्नांची उत्तरे जसजशी बदलली, तसतशी ही सहल घडत गेली.

त्या काळच्या सोवळ्यातल्या घराचा प्रवास नजरेसमोर आणला की अडचण नेमकी कुठे होती ते कळते. पाण्यात शिजवलेले अन्न, विशेषतः भात, सर्वांत नाजूक. ते कोणी शिजवले, कोणी शिवले, खाणाऱ्याच्या अंगावर कोणते वस्त्र होते, सगळ्याला नियम. तळलेले, भाजलेले, दुधातुपातले अन्न त्यामानाने सुटसुटीत. म्हणून प्रवासाच्या शिदोरीत दशम्या असत. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की भाकरी किंवा पोळी दशमी होते. ती दोन दिवस मऊ राहते आणि सोवळ्याच्या हिशेबातही वाटेत चालते. जोडीला तिळाची किंवा दाण्याची कोरडी चटणी, गुळाचा खडा, चिवडा, लाडू. ही शिदोरी फार शहाणपणाने बेतलेली होती, पण तिची मुदत ठरलेली होती. दशम्या संपल्या की चूल पेटवायला जागा हवी, नाहीतर आपल्या जातीचे घर हवे. म्हणजे सहलीची लांबी डब्याच्या खोलीवर ठरत होती. रेल्वेच्या डब्यात सगळ्या जाती एकाच बाकावर दाटीवाटीने बसल्या, हे खरे. पण फलाटावरचे पिण्याचे पाणीसुद्धा हिंदूंचे वेगळे आणि मुसलमानांचे वेगळे ठेवावे लागत होते. शेजारी बसणे लोकांनी लवकर मान्य केले. शेजारी खाणे मान्य व्हायला फार वेळ लागला.

परक्या हातचे खाण्याचा हा धाक किती खरा होता, याचा पुरावा पुण्यातच आहे. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. पाहुण्यांमध्ये न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. हजर असलेल्यांची नावे पुढे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य म्हणजे बहिष्काराचा वाद झाला आणि अखेर रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. कपभर चहासाठी रानड्यांसारख्या न्यायाधीशाची ही गत, तर पगारदार कारकुनाने बायको-मुलांना घेऊन परक्या जागी जेवायला बसावे, ही अपेक्षाच फोल होती. त्याला रेल्वेचे भाडे परवडत असे आणि राणीच्या बागेचे कौतुकही वाटत असे. घरी परतल्यावर भावकीसमोर जाब देणे मात्र परवडत नसे.

यावर कोणी म्हणेल की मराठी कुटुंबे त्याआधी शेकडो वर्षे पंढरपूर, नाशिक, काशीपर्यंत बायकामुलांसह जात होती. मग मुंबईनेच काय घोडे मारले होते? आक्षेप रास्त आहे, पण त्यातच उत्तरही आहे. तीर्थक्षेत्राच्या गावी जेवणाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवलेला होता. क्षेत्रोपाध्यायाचे घर, धर्मशाळेची ओसरी, तीन दगडांची चूल आणि बरोबर आणलेला शिधा यांवर यात्रा चाले. जेवण स्वतः रांधायचे, म्हणून नियम मोडत नसे. शिवाय वेळेला तोटा नसे. सकाळ स्वयंपाकात गेली तरी देव कुठे पळून जात नाही. दोन दिवसांत म्युझियम, बाग, चौपाटी आणि बाजार उरकायचा असेल, तर चुलीपुढे बसायला सवड नाही. त्यातून राणीच्या बागेपाशी ना उपाध्ये, ना ओसरी. स्थळदर्शन हा यात्रेचा धाकटा भाऊ खरा, पण यात्रेची जेवणाची सोय त्याच्या वाट्याला आली नाही.

मुंबईत बाहेरचे जेवण अजिबात नव्हते असे नाही. गिरण्या निघाल्या तसे कोकणातून आणि घाटावरून पुरुष मुंबईत आले, बायकामुले गावी राहिली, आणि या एकट्या पुरुषांसाठी खानावळी उभ्या राहिल्या. गिरणगावातल्या कित्येक खानावळी बायकाच चालवत. राहत्या खोलीत रांधून महिन्याच्या बोलीवर वीस-पंचवीस जणांना जेवू घालत. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळात बांधणी केली. लेखणीवर पोट भरणाऱ्यांसाठी गिरगाव, काळबादेवी भागात ब्राह्मणी खानावळी होत्या. लॉजही होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. पण या साऱ्या जागांचे गिऱ्हाईक पुरुष होते. खानावळीच्या पंगतीत घरातली बाई जेवायला बसत नसे; तिथे ती असलीच तर चुलीशी किंवा वाढणारी म्हणून. म्हणजे शहराने एकट्या माणसाच्या पोटाची सोय केली होती, कुटुंबाची नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक मराठी घराचा कोणी ना कोणी मुंबईत असतोच. मामाकडे, नाहीतर आत्याकडे उतरायचे, तिथेच जेवायचे, मग हॉटेलाची गरज काय? मुंबईची सहल नातेवाइकांच्या जिवावर चालली, हे मान्यच करायला हवे. पण मामाची खोली केवढी होती, हेही पाहायला हवे. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात यजमानांचीच पाच-सहा माणसे. वर चार पाहुणे. रात्री कॉमन गॅलरीत वळकट्या पसरून पाठ टेकता येते, पण दिवसभर त्या खोलीत थांबणे दोन्ही बाजूंना जड. तेव्हा सकाळी चहा-पोहे घेऊन बाहेर पडायचे आणि रात्रीच्या जेवणाला परतायचे, हा शहाण्या पाहुण्याचा क्रम. मधला सगळा दिवस रस्त्यावर. नातेवाइकाने झोपेची आणि रात्रीच्या पानाची सोय केली. दुपारचा प्रश्न त्याने सोडवला नाही, उलट उभा केला.

हा प्रश्न सुटला तो एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने, आणि गंमत म्हणजे सोवळ्याच्याच पायऱ्या उतरत. बाहेरचे आधी चालले ते तळलेले आणि कोरडे. घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिने जोडायला गाडी कर्जतला थांबे. तेवढ्या वेळात खिडकीतून घेतलेला बटाटेवडा हे जेवण नव्हते, तोंडात टाकणे होते. चौपाटीची भेळही तशीच. कुरमुरे, शेव, कांदा, चिंचेचे पाणी; भात नाही, पंगत नाही, पाट नाही, वाळूत बसून पानातून खायचे. फराळाच्या नावाखाली ती सगळ्या नियमांच्या बाजूने सटकली. पुढची पायरी चहाची, आणि ती इराण्याने बांधली. धोबीतलावचे कयानी १९०४पासूनचे. हिंदू दुकानदार रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून टाळत आणि इराण्यांनी नेमक्या त्याच जागा घेतल्या, असे मुंबईत परंपरेने सांगतात. संगमरवरी टेबल, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का आणि पानी कम चाय. त्याहून महत्त्वाची होती ती मागच्या बाजूची ‘फॅमिली रूम’. लाकडी फळ्यांचा आडोसा, पडदा, आत एक टेबल. हा आडोसा आज हास्यास्पद वाटेल. त्या वेळी घरातल्या बाईला शहरात खुर्चीवर बसून निवांत चहा पिण्याची ती पहिली मान्य जागा होती. सहल सहकुटुंब होण्याची सुरुवात त्या पडद्याआड झाली, असे मी म्हणेन.

त्यानंतर आली मराठी उपाहारगृहे. दादरला मामा काण्यांचे उपाहारगृह १९१० साली सुरू झाले आणि त्याच्या नावातच ‘स्वच्छ’ हे विशेषण होते. इतरांच्या पाट्यांवर ‘आरोग्य’, ‘हिंदू’, ‘ब्राह्मण’ असे शब्द झळकत. मालक चवीची जाहिरात करत नव्हता, निर्धास्तपणाची करत होता. आत मिळे ते बटाटेवडा, मिसळ, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, खरवस, पियूष. यात नवलाईचे फारसे काही नव्हते, आणि तीच त्यांची ताकद. घरात उपवासाला चालणारा पदार्थ टेबलावर आला, म्हणजे उपवास करणाऱ्या आजीलाही बाहेर खाण्याची सोय झाली. उडुप्यांनी याच्या पुढे मजल मारली. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून आलेले हे स्वयंपाकी शाकाहाराची आणि ब्राह्मण हातांची खात्री देत, पण पदार्थ मात्र परके वाढत. इडली, डोसा आपल्या चुलीवर होत नसत, म्हणून त्यांना घरचे नियमही लागू नव्हते. माटुंग्यात १९४२ साली सुरू झालेल्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये तर भातासकट पूर्ण जेवण केळीच्या पानावर येऊ लागले. दशमीपासून निघालेला प्रवास भातापाशी पोचला तेव्हा शेवटची पायरीही ओलांडली गेली. १९२२ साली उघडलेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२४चे गेट वे, १९५१चे तारापोरवाला मत्स्यालय ही नवी स्थळे यादीत भरली गेली, ती अशा खाऊन-पिऊन हिंडणाऱ्या कुटुंबांच्या काळात.

अर्थशास्त्राकडे झुकणारा वाचक म्हणेल की हे सारे दुय्यम. खरी गोष्ट सुट्टीची आणि खिशाची. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, त्याआधी हिंडणार कोण? हे नाकारण्याचे कारण नाही. रिकामा दिवस आणि गाठीचे पैसे यांच्याविना कोणतीच सहल होत नाही. पण सरकारी कचेरीतल्या कारकुनाला, शाळामास्तराला, वकिलाला रविवार आणि मे महिन्याची रजा आधीपासून होती, रेल्वेचे भाडेही त्याच्या आवाक्यात होते. तरी तो सहकुटुंब गेला तो तीर्थाला, लग्नाला किंवा माहेरी. जिथे जेवणाची ददात नव्हती तिथेच. पैसा हेच एकमेव कारण असते, तर हा वर्ग १८८०च्या दशकातच राणीच्या बागेत मुलाबाळांसह लोटला असता.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: ही गोष्ट उच्चवर्णीय मध्यमवर्गाची आहे, साऱ्या मराठी समाजाची नाही. तो मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्यामुळे मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो. ज्या पाट्यांनी एका कुटुंबाला निर्धास्त केले, त्याच पाट्यांनी दुसऱ्याला दारातून परत पाठवले. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या माणसाला बागेत हिंडता आले तरी हॉटेलात कप वेगळा, जागा बाहेर, नाहीतर सरळ नकार. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा खुल्या करण्याचे तत्त्व मुंबईच्या कायदे कौन्सिलात मान्य झाले, पण १९२७ साली महाडच्या तळ्यावर ते अमलात आणायला सत्याग्रह करावा लागला. म्हणूनच संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, रस्ते यांच्या जोडीने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला, आणि १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा करावा लागला. देशाच्या मूलभूत हक्कांत हॉटेलाचे नाव घालावे लागते, यावरून ते टेबल किती वादाचे होते हे उघड आहे.

हल्लीच्या सहलींवर एक टीका हमखास ऐकू येते की लोक आता पाहायला जात नाहीत, खायला जातात. म्युझियमला अर्धा तास आणि थाळीच्या रांगेत दीड तास. ही टीका इतिहासाला धरून नाही. स्थळे दीडशे वर्षे जागच्या जागी उभी आहेत. कुटुंबाला तिथवर नेले ते वाटेत बिनघोर बसून खाता आल्याने. म्हणून मुंबई दर्शनाचा इतिहास कोणी लिहायला घेईल, त्याने गेट वे आणि म्युझियमच्या बरोबरीने इराण्याची फॅमिली रूम, दादरची उपाहारगृहे, माटुंग्याची केळीची पाने आणि संविधानाचा पंधरावा अनुच्छेद यांनाही प्रकरणे द्यावीत. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींनी काही कुटुंबांसाठी मुंबई खुली केली. सर्वांसाठी ती खुली करण्याचे काम कायद्यालाच करावे लागले.