श्रद्धेला रकाने किती?

1911च्या जनगणनेत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांपुढे पेच पडला. गुजरातकडच्या काही जमातींच्या चालीरीतींवरून त्यांना हिंदू म्हणावे की मुसलमान, हे ठरेना. शेवटी ‘हिंदू-मुहम्मदन’ असा रकाना आला. वरिष्ठांना तो रुचला नाही.

पुढे श्रद्धेला रकान्यांत बसवण्याचे हे काम खानेसुमारीकडून समाजशास्त्र आणि मानसशास्त्राकडे गेले. अमेरिकेत चार्ल्स ग्लॉक यांनी 1962च्या सुमारास धार्मिकतेची अंगे वेगवेगळी करून मांडली: विश्वास, आचार, अनुभव, ज्ञान आणि जगण्यावरचा परिणाम. 1967मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट आणि रॉस यांची धार्मिकतेची मोजपट्टी आली. ती चर्चला जाणाऱ्यांवर पारखलेली. खास मुसलमानांसाठीची प्रश्नावली वाइल्ड आणि जोसेफ यांनी 1997मध्ये केली. विद्यार्थी हाताशी असतात, फॉर्म मुकाट भरून देतात, म्हणून असल्या अभ्यासांत त्यांचाच भरणा.

असा एखादा कागद मुंबईत प्रभादेवीहून लोकलने कॉलेज गाठणाऱ्या मुस्लिम मुलीपुढे ठेवून पाहावा. मशिदीत किती वेळा जाता? भारतात बहुतेक मुस्लिम बायका नमाज घरीच पढतात, म्हणजे पाच वेळची नमाजी मुलगी इथे शून्यावर. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेची, गंमत आणखी वेगळी. मुंबईत जूनअखेर सूर्य सव्वासातनंतर बुडतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. हिवाळ्यात ती वेळ परतीच्या गर्दीत गाठते; मग नमाज कजा, म्हणजे वेळ टळल्यावर, घरी आल्यावर पढायची. रमजान तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2024 आणि 2025 साली तो मार्चात, परीक्षांच्या मोसमात आला. फॉर्म कोणत्या महिन्यात भरून घेतला, यावरही उत्तर बदलायचे.

बरे, थेटच विचारावे तर? प्यू या संशोधन संस्थेने 2019-20मध्ये भारतातल्या सुमारे 30,000 प्रौढांना विचारले. धर्म आयुष्यात फार महत्त्वाचा, असे 91 टक्के मुस्लिमांनी सांगितले; हिंदूंत 84 टक्क्यांनी. सगळा वर्गच इतके गुण मिळवत असेल, तर पेपर सोपा काढला होता म्हणायचे!

अवघड पेपर प्रभादेवीहून तीन स्टेशने पुढे, माहीमला आहे. तिथल्या दर्ग्यातले मखदूम अली माहिमी (1372–1431) हे कुराणाचे भाष्यकार. अनेक कोकणी मुस्लिम घरांत त्यांच्या दर्ग्याला जाणे ही भक्ती. दर्ग्याची भक्ती न मानणाऱ्या अहले हदीस वळणाच्या घरात तीच चूक. एकाच फेरीचे एकीकडे गुण मिळतात, दुसरीकडे कापले जातात. आणि डिसेंबरातल्या उरुसात संदलाचा (कबरीवर वाहायच्या चंदनाचा) पहिला मान मुंबई पोलिसांचा. तो डोक्यावर घेणारा अधिकारी पुष्कळदा हिंदू असतो.