समगतीची कुळकथा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात घोडनदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड अशी दोन तालुक्यांची ठाणी आहेत. पैकी शिरूर हे नगरच्या सडकेवरचे, बैलगाडीच्या वहिवाटीचे गाव, तर दौंड हे 1858 साली पुण्याहून दिक्सालपर्यंत लोहमार्ग पडला तेव्हापासून आगगाडीचे, आणि 1878 मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेल्यावर जंक्शनचे गाव झाले. वस्तूवरची सर्व बले एकमेकांस तोलून धरीत असतील तर ती स्थिर राहते, अथवा चालत असल्यास त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते, या सिद्धांताची कुळकथा सांगताना मला ही दोन्ही गावे साक्षीस हवीत.

बैल थांबले की गाडी थांबते, हा अनुभव इतका निर्विवाद आहे की त्याच जातीच्या अनुभवावरून ॲरिस्टॉटलने गती टिकविण्यास प्रेरक सतत हवा असा निर्णय दिला, आणि त्या निर्णयाचा अंमल शतकानुशतके चालला. आपल्या वैशेषिकांनी बाणाच्या गतीचा विचार अधिक सूक्ष्मपणे केला होता: प्रत्यंचेच्या नोदनाने पहिली गती, तीतून उपजलेल्या संस्काराने पुढची, आणि संस्कार सरल्यावर गुरुत्वामुळे पतन. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्यूरिदानने याच्या जवळपासचे मत मांडले, परंतु फेकलेल्या वस्तूत आलेला जोर विरोधामुळेच खर्ची पडतो असेही तो म्हणाला. माझ्या मते खरी दिशा येथे सापडली.

कारण आजवर हिशेबातून सुटला होता तो विरोधच. शिरूरचा गाडीवान आखाला वंगण घालतो तेव्हा तो बैलांचे बळ वाढवीत नाही, घर्षण घटवितो. घर्षण असे घटवीत अगदी शून्यावर नेले तर काय होईल, हा प्रश्न गॅलिलिओने धीटपणे विचारला: उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ मूळ उंची गाठतो, चढ जितका सौम्य तितका तो लांब जातो, आणि चढच नसेल तर त्याने थांबावे कशासाठी? हे विवेचन 1638 च्या त्याच्या ग्रंथात आहे. ही गती सरळ रेषेतच टिकते हे देकार्तने 1644 मध्ये स्पष्ट केले, आणि 1687 मध्ये न्यूटनने त्यास गतीच्या पहिल्या नियमाचे स्थान दिले.

दौंडच्या सपाट मार्गावर मालगाडी जेव्हा हलू लागते तेव्हा इंजिनाची ओढ विरोधाहून अधिक असते, म्हणून वेग वाढतो. मात्र तिने एक वेग धरला की ओढ आणि विरोध तंतोतंत समान होतात. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरत असता, मंद वेगात दर टनामागे दोन-तीन किलो वजनाइतकी ओढ पुरते. मातीच्या वाटेवर ती अनेक पटींनी जास्त लागते. तरीही शिरूरच्या सडकेवर एका चालीने जाणाऱ्या बैलगाडीला लागू असलेला नियम हाच आहे: तेथेही ओढ विरोधाहून तसूभर अधिक नसते. चालत्या वस्तूवर पुढचे बल मोठे असलेच पाहिजे ही समजूत हुशार विद्यार्थ्याच्या मनातूनही सहज जात नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. ती समजूत खोडण्यास मोठमोठ्या पंडितांनाही दोन हजार वर्षे लागली.

म्हणून या दोन तालुक्यांतील शिक्षकांस माझी विनंती आहे की, गतीचे नियम शिकविताना त्यांनी मुलांना एकदा दौंडच्या मार्गालगत सुरक्षित अंतरावर उभे करावे आणि एका वेगाने जाणाऱ्या गाडीवरील बलांचे बाण वहीत काढावयास सांगावे. पुढचा आणि मागचा बाण समान लांबीचा निघेपर्यंत पुढच्या धड्याकडे वळू नये.