मेथी आठवड्यात मरते, जंगल नाही

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग दरवर्षी असतोच. मेथीच्या किंवा मुगाच्या दोन कुंड्या. एकीला साधं पाणी, दुसरीला व्हिनेगर घातलेलं. आठ दिवसांत दुसरी कुंडी पिवळी पडून मान टाकते आणि मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत निष्कर्ष: 'आम्लवर्षेमुळे झाडे मरतात.' मुलं हाताने काहीतरी करून बघतात याचा मला आनंदच आहे. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राने औष्णिक वीज केंद्रांच्या धुराबाबत जो निर्णय घेतला, तो वाचल्यापासून वाटतंय की या कुंडीने आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गैरसमज पेरून ठेवलाय. आम्लवर्षा म्हणजे झाड डोळ्यांदेखत मेलं पाहिजे. मरत नसेल तर आम्लवर्षा नाहीच!

आधी आकडे बघू. घरच्या व्हिनेगरचा पीएच, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत सामू, अडीचच्या आसपास. स्वच्छ पावसाचा साधारण ५.६, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. ज्या पावसाने युरोप-अमेरिकेत वाद पेटवला, तो ४ ते ४.५ चा. फरक किरकोळ वाटतो, पण ही मोजपट्टी दहापटीची आहे. ४.२ च्या पावसापेक्षा २.५ चं व्हिनेगर पन्नासपट आम्ल. त्यात निम्मं पाणी ओतलं तरी आकडा फारसा हलत नाही. म्हणजे मुलं पाऊस पाडत नाहीत, मेथीचं लोणचं घालतात.

खऱ्या पावसावर असा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. रॉबर्ट अँगस स्मिथ या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मँचेस्टरचा पाऊस तपासून सांगितलं होतं की शहराच्या जवळ जावं तसं पाण्यातलं गंधकाम्ल वाढतं. 'आम्ल पाऊस' हा शब्द रूढ झाला तो त्याच्या १८७२ च्या पुस्तकामुळे. पुढे लीड्समध्ये क्रौदर आणि रस्टन या दोघांनी शहराच्या वेगवेगळ्या भागांत पडणारं पावसाचं पाणी तपासलं आणि कुंड्यांत टिमोथी नावाचं चाऱ्याचं गवत लावून त्याला लीड्सचा पाऊस आणि कमी-जास्त ताकदीचं गंधकाम्लाचं पाणी घातलं. त्यांचा लेख १९११ चा. गवत खुरटलं हे झालंच. पण मला त्यातली मोलाची गोष्ट वेगळी वाटते: त्यांनी पानांवर न थांबता माती तपासली. मातीतला चुना कमी होत होता आणि नत्र तयार करणाऱ्या जिवाणूंचं काम मंदावत होतं. सगळी गोष्ट तिथेच होती, ५०-६० वर्षं कुणी तिच्याकडे फारसं बघितलं नाही एवढंच.

बघितलं ते स्वीडनने. त्यांच्या तळ्यांतले मासे कमी झाले होते. १९६७ मध्ये स्वांते ओडेन या मातीशास्त्रज्ञाने संशोधनपत्रिकेची वाट न बघता थेट दैनिकात लेख लिहिला, की हे आम्ल आपलं नाही, ब्रिटन आणि मध्य युरोपातून वाऱ्याबरोबर येतंय. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत (इंदिरा गांधींचं गाजलेलं भाषण झालं तीच) स्वीडनने हा विषय जगापुढे मांडला. ब्रिटनच्या सरकारी वीज मंडळाचं उत्तर वर्षानुवर्षं एकच: पुरावा पुरेसा नाही. शिवाय त्यांनी चिमण्या उंच केल्या होत्या, त्यामुळे चिमणीखालच्या गावातली हवा मोजली तर ती खरोखरच सुधारलेली दिसायची! धूर फक्त पुढच्या देशात पडत होता. धुरातला गंधक काढणारी यंत्रं बसवायला ते तयार झाले १९८६ मध्ये.

आता जंगलाकडे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रूक नावाचं संशोधनाचं जंगल आहे. जीन लायकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून तिथे पाऊस आणि ओढ्याचं पाणी मोजलं. आठवड्यामागून आठवडा, दशकंच्या दशकं. झाडं हिरवीगार. मेथीसारखं काही झालं नाही. उलट गंधक-नत्र आयतं मिळाल्याने काही जंगलांत सुरुवातीला वाढ बरीच दिसते. पण आतून व्हायचं ते होत होतं. आम्ल मातीच्या कणांना चिकटलेला कॅल्शियम सोडवून ओढ्यात वाहून नेतं आणि मातीतलं अ‍ॅल्युमिनियम मोकळं करतं. ते मुळांना घातक. १९९६ मध्ये त्यांनी हिशेब मांडला: मातीतला झाडांना मिळू शकणारा कॅल्शियम जवळपास निम्मा गेला होता, आणि १९८७ नंतर जंगलाची वाढच थांबली होती. मेलं नव्हतं, थांबलं होतं.

मग त्यांनी उलटा प्रयोग केला. १९९९ मध्ये हेलिकॉप्टरने एका पाणलोटावर सुमारे ४५ टन वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम असलेलं खनिज टाकलं. शेजारचा पाणलोट तसाच ठेवला. पुढच्या १५ वर्षांत खनिज मिळालेल्या झाडांचं लाकूड शेजाऱ्यांपेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी जास्त वाढलं. कुंड्या दोनच, फक्त एकेक कुंडी बारा-तेरा हेक्टरची.

आपल्याकडे काय? आपलं नशीब बरं, आपली धूळ आपल्याला वाचवते. पुण्याच्या आयआयटीएमने वर्षानुवर्षं पावसाचं पाणी तपासलंय. मातीच्या धुळीतल्या कॅल्शियममुळे आपल्या बऱ्याच भागातला पाऊस आम्ल नसून थोडा अल्कधर्मीच भरतो. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, ती आम्ल पचवते. पण कोकणातली जांभ्याची लाल माती? हजारो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना आधीच धुऊन गेलाय, ती मुळातच आम्लधर्मी. तिच्याकडे खर्चायला शिल्लक फारशी नाही. मुलांनी हाच प्रयोग एका कुंडीत काळी माती, दुसरीत लाल माती घेऊन, दोन्हींना सारखंच सौम्य आम्लाचं पाणी घालून केला तर कितीतरी जास्त कळेल. (आणि व्हिनेगर नको. मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात.)

डहाणू आठवून बघा. चिकूच्या बागांचा तालुका, आणि १९९५ मध्ये सुरू झालेलं ५०० मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र. बागायतदारांची काळजी होती धूर आणि राखेची. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या आदेशानंतर तालुक्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधक काढणारं यंत्र, ज्याला एफजीडी म्हणतात, बसवायला सांगितलं. ते बसलं २००७ मध्ये. आठ वर्षं लागली, पण बसलं. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी ही यंत्रणा. म्हणजे हे आपल्या राज्यात करून दाखवलेलं काम आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरातल्या कोळसा केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत वाढत गेली. आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने दहा लाखांवरच्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित भागांपासून दूर असलेल्या केंद्रांना, म्हणजे देशातल्या बहुतेकांना, यातून मोकळं केलं. कारणं अशी: भारतीय कोळशात गंधक कमी, यंत्र महाग, आणि आजूबाजूच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे.

कोळशात गंधक कमी हे खरं आहे. पण आपण जाळतो किती? उपग्रहांच्या नोंदींनुसार सल्फर डायऑक्साइड सोडण्यात भारत जगात पहिल्या क्रमांकावर आहे. तिसरं कारण तर मला थेट १९७० च्या ब्रिटनमधून आल्यासारखं वाटतं. चिमणी २७५ मीटर उंच असली की खालची हवा मर्यादेत राहणारच. तो वायू वाटेत सल्फेट होतो आणि कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात उतरतो. दहा किलोमीटरचं वर्तुळ आखणाऱ्यांनी ओडेनचं नाव ऐकलेलं नसेल असं मी मानत नाही. खर्चाचा मुद्दा प्रामाणिक आहे, त्यावर वाद घालू. पण 'इथे काही दिसत नाही' हा मुद्दा नको.

चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ भागातल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. पीएच मीटर आता काहीशे रुपयांत मिळतो. येत्या पावसाळ्यात गच्चीवर स्वच्छ प्लास्टिकचं भांडं ठेवा, पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी आणि नंतरचं पाणी वेगळं मोजा (पहिल्यात धूळ असते), आणि गाव, तारीख, आकडा असं इथे टाकत चला. मी तक्ता करून ठेवतो.