अडलेली बाळंतीण आणि गाणं

पनामाच्या कुना लोकांत बाई अडली, की सुईण मांत्रिकाला बोलावते. तो तिच्या टांगत्या झोळीखाली बसून गातो. गर्भ घडवणाऱ्या 'मुऊ' शक्तीनं बाईचा जीव अडकवलाय, तो सोडवून आणायच्या प्रवासाचं ते गाणं. १९४७ साली ते छापलं गेलं. लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ मध्ये लिहिलं, की या कथेमुळं बाईला कळांचा अर्थ लागतो अन् ती मोकळी होते. मला हे पुरतं पटत नाही. गाण्याची भाषा खास मांत्रिकांची, चारचौघींना न कळणारी. अन् ऐकवायचं ते लाकडी बाहुल्यांना! माझ्या वेळी आई उशाशी भक्तामर म्हणत होती. संस्कृत मला कुठं कळत होतं? पण ती श्वास घ्यायला थांबली, की मी तिचा हात ओढायची.